पैसा कमी पडला की गावाने पहिली कात्री कुठे लावावी?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. चार हजार लोकसंख्येचं गाव आहे आणि तुम्ही ग्रामपंचायत सदस्य म्हणून पहिल्यांदाच निवडून आला आहात. घरपट्टी, दिवाबत्ती आणि आरोग्य कर मिळून चालू मागणी 9 लाखांची, पण वसुली 55 टक्क्यांवर अडकलेली. वीजबिलं थकली आहेत. म्हणून सरपंचांनी मासिक सभेत विषय ठेवलाय की अभ्यासिका बंद करावी, महिलांचा शिवणवर्ग गुंडाळावा आणि अंगणवाडीला ग्रामनिधीतून मिळणारं साहित्य थांबवावं. वर्षाला 85 हजार वाचतील असा त्यांचा हिशेब आहे. त्यात गेल्या वर्षीच्या मिरवणुकीच्या वादापासून गावठाण आणि ओढ्यापलीकडची वस्ती एकमेकांशी धड बोलत नाहीत. अशा वेळी काटकसरीला विरोध केला तर आपण उधळ्या ठरू का, अशी तुम्हाला भीती वाटतेय.

मी ग्रामसेवक म्हणून नोकरीला लागलो आणि ग्रामविकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो. 2024 मध्ये शासनाने ही दोन्ही पदं एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असं एकच पद केलं. नाव बदललं तरी अंदाजपत्रक बसवायचा ताप तोच आहे. माझ्या मते तुमच्या गावाची अडचण खर्चापेक्षा वसुलीची आहे. वसुली का होत नाही, हे शोधायला गेलात की तुम्ही थेट त्या गावठाण आणि वस्तीच्या अबोल्यापाशी पोचता.

काही गोष्टी गावागणिक बदलतात, हे आधीच सांगून ठेवतो. गावात आठवडी बाजार, दूध डेअरीचे गाळे किंवा एखादा कारखाना असेल तर उत्पन्नाचं चित्र वेगळं असतं. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी भागांसाठीच्या पंचायत कायद्याखालच्या, गावांना आदिवासी उपयोजनेतून थेट अबंध (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी मिळतो, तिथले हिशेब वेगळे. आणि तणाव ताजा असेल, गुन्हे दाखल असतील, तर अंदाजपत्रकातून काही जुळत नाही. तिथे आधी पोलीस पाटील, तंटामुक्ती समिती आणि दोन्हीकडची चार जाणती माणसं बसावी लागतात. तुमच्याकडे मारामारी झालेली नाही, फक्त येणं-जाणं तुटलंय, असं गृहीत धरून लिहितोय.

आता तो 85 हजारांचा हिशेब बघू. त्यातले शिवणवर्गाचे आणि अंगणवाडीचे मिळून 35 हजार आहेत, असं तुम्ही लिहिलंय. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर, 15 टक्के मागासवर्गीयांसाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं बंधनकारक आहे. तुमचं प्रत्यक्ष स्वउत्पन्न नुसतं कराचं धरलं तरी 4 लाख 95 हजार, म्हणजे महिला व बालकल्याणाचे 49,500 होतात. शिवणवर्ग आणि अंगणवाडी त्याच्या आतच बसतात. हे दोन्ही बंद केले तरी त्यातला एक रुपयाही वीजबिलाकडे वळवता येणार नाही. तो पैसा त्याच शीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकातल्या त्याच सदरात, दुसऱ्या कशावर तरी खर्चावा लागेल, नाहीतर लेखापरीक्षणात आक्षेप निघेल. म्हणजे 35 हजारांची ही बचत कागदावरसुद्धा होत नाही. हा मुद्दा सभेत शांतपणे मांडा. सरपंचांना तो माहीत नसेलच असं नाही, पण तो कुणीतरी बोलून दाखवावा लागतो.

राहिली अभ्यासिका. तिचे 50 हजार म्हणजे देखरेख करणाऱ्याचं मानधन, वीज, वर्तमानपत्रं आणि स्पर्धा परीक्षेची मासिकं. हे मात्र खरोखर वाचू शकतात. पण तुमची वसुली 55 वरून 63 टक्क्यांवर गेली तर 72 हजार जास्त येतात. त्यातले 30 टक्के वरच्या बंधनकारक शीर्षांना सोडले, तरी 50,400 हातात उरतात. आठ टक्के वसुलीत अभ्यासिका निघते. तेव्हा सभेतला प्रश्न 'अभ्यासिका परवडते का' असा राहत नाही. आठ टक्के वसुली वाढवणं सोपं की गावातली एकमेव एकत्र बसायची जागा घालवणं सोपं, असा होतो. सभेला दुसरं सोपं वाटतं, कारण त्यासाठी कुणाच्या दारात जावं लागत नाही.

कात्री नेहमी याच शीर्षांवर का पडते? एक तर या रकमा लहान असतात. त्यांच्यामागे ठेकेदार नसतो, आणि ज्यांचं नुकसान होतं ती मंडळी सभेला येत नाहीत. अभ्यासिकेत बसणारं पोरगं पोलीस भरतीची तयारी करत असतं, ते कशाला ग्रामपंचायतीत भांडायला येईल? उलट गटाराच्या त्याच तुकड्याच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक दरवर्षी येतं, सत्काराचे हार, शाली, मंडप येतात, त्यांवर कुणी बोट ठेवत नाही. तुम्ही नमुना 5 ची रोकड वही मागा आणि मागच्या दोन वर्षांचे किरकोळ खर्च एका कागदावर उतरवून काढा. सदस्य म्हणून दप्तर पाहायचा तुम्हाला अधिकार आहे. सार्वजनिक पैसा जपून वापरावा, हे मलाही मान्य आहे. पण काटकसर करायचीच तर ती शाल-श्रीफळापासून सुरू करावी.

हा आपल्याच गावांचा दोष आहे असं समजू नका. ब्रिटनमध्ये 2010 नंतर सरकारने खर्चकपातीचं धोरण घेतलं आणि तिथल्या स्थानिक संस्थांनीही पहिल्यांदा हेच तोडलं. लंडनमधली सुमारे 30 टक्के युवा केंद्रं 2010 ते 2019 या काळात बंद झाली. नंतर अभ्यास झाला तेव्हा दिसलं की जवळचं केंद्र बंद झालेल्या मुलांचे परीक्षेतले गुण घसरले, त्यांच्यातले गुन्हे वाढले, आणि वाचवलेल्या प्रत्येक पौंडामागे समाजाचं जवळपास तीन पौंडांचं नुकसान झालं. लंडन आणि आपलं गाव यांची बरोबरी मी करत नाही, पण आवळा वाचवून कोहळा घालवण्याची रीत दोन्हीकडे एकच.

आणि पैशाची चणचण असताना हात आखडता न घेता एकमेकांना बांधून ठेवणारा खर्च करायचा, हे आपल्या राज्याने फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवलंय. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांच्या कल्पनेतून 1965 मध्ये सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा पहिला प्रयोग झाला. पुढे 1972 चा दुष्काळ आला. 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणं, नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीची चव अजून त्यांच्या जिभेवर असेल. पाटलाच्या घरची बाई आणि वस्तीवरची बाई एकाच कामावर पाट्या उचलत होत्या, हे त्या पिढीने पाहिलंय. त्यामुळे जात संपली, असं कुणी म्हणू नये. पण घरात दाणा नसताना गाव सोडून न जाता गावातच राहता आलं, ते सरकारी खर्चामुळे.

या गोष्टीत मला जास्त मोलाचा वाटतो तो पैसा उभा करण्याचा मार्ग. 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या नोकरदाराच्या आणि व्यावसायिकाच्या खिशातून खेड्यातल्या मजुराच्या हमीसाठी कर घ्यायचा आणि जेवढा जमेल तेवढीच भर राज्याने तिजोरीतून घालायची, अशी ती रचना. 26 जानेवारी 1979 पासून हमीचा कायदा लागू झाला. आजही तुमच्या ओळखीच्या मास्तरांच्या पगारपत्रकात दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 कापलेले दिसतील, तो हाच कर. केंद्राचा रोजगार हमी कायदा आला 2005 मध्ये. तोवर मुंबईचा कारकून जवळपास तीस वर्षं मराठवाड्यातल्या मजुराचा भार उचलत होता, आणि त्याविरुद्ध शहरात काही मोर्चे निघाले नाहीत. पैसा कशासाठी जातो हे स्पष्ट असलं की माणसं देतात, असं माझं मत त्यावरून बनलंय. ग्रामपंचायतीतही मी तेच पाहिलं.

एका गावात माझी बदली झाली तेव्हा सगळे सांगायचे, 'ओढ्यापलीकडची वस्ती पट्टी भरतच नाही.' मी नमुना 9 ची मागणी नोंदवही घेतली आणि थकबाकीदारांची यादी दोन प्रकारे लावली, एकदा नावांच्या संख्येने आणि एकदा रकमेने. संख्येने पाहिलं तर वस्ती खरंच पुढे होती. रकमेने लावली तर वरची पहिली पंधरा-वीस नावं गावठाणातल्या माडीवाल्यांची निघाली, त्यात दोन माजी पदाधिकारी. वस्तीतली थकबाकी घरामागे थोडी-थोडी होती. गेली काही वर्षं गाव ज्यांच्या नावाने बोटं मोडत होतं, त्यांच्याकडून तिजोरीला फारसं येणंच नव्हतं.

मग वस्ती का भरत नव्हती? पाणी सुटायच्या वेळी जाऊन उभा राहिलो. जलवाहिनीचं शेवटचं टोक तिथे. वस्तीत पाणी पोचेपर्यंत टाकी निम्मी रिकामी झालेली असायची. दाब नाही म्हणून लोकांनी नळाखाली हातभर खड्डे खणून तोटी जमिनीच्या खाली नेली होती. बाया खड्ड्यात उतरून तांब्या-तांब्याने हंडा भरायच्या, आणि पावसाळ्यात त्याच खड्ड्यात गटाराचं पाणी साचायचं. अशा माणसाकडे पाणीपट्टीची पावती फाडायला जाताना आपल्यालाच ओशाळं वाटतं. तिथे एक स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवला आणि पाणी सोडण्याचा क्रम एक दिवसाआड उलटा केला, म्हणजे एक दिवस टोकाला आधी आणि गावठाणाला नंतर. खर्च एखाद्या सत्कार समारंभाएवढा. गावठाणातून ओरड झालीच, पण ज्यांची नावं यादीत वर होती त्यांची यादी तोवर फलकावर लागलेली असल्यामुळे ती फार टिकली नाही.

वस्ती लगेच पट्टी भरायला लागली असं मी सांगणार नाही. आधी एवढंच झालं की पुढच्या ग्रामसभेला तिथली माणसं आली. भरणा त्यानंतर, हळूहळू. माडीवाल्यांकडची रक्कम ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 129 खाली मागणी बिल, मग मागणी लेख आणि शेवटी लोकअदालतीची नोटीस, या क्रमाने निघाली. तुमची आठ टक्के वसुली बहुधा अशाच वरच्या पंधरा-वीस नावांत असेल. तेव्हा रकमेने लावलेली यादी पाहिल्याशिवाय वसुलीची मोहीम काढू नका. मोठ्यांना सोडून आधी छोट्यांच्या नळाला टोपण बसवलं तर पैसा येत नाही आणि राहिलेलं बोलणंही तुटतं.

एकोप्यासाठी खर्च म्हटलं की आपल्याकडे एक ठरलेली गोष्ट होते: सभामंडप. या भावकीला एक, त्या समाजाला एक, मग तिसऱ्याने काय पाप केलं म्हणून त्यालाही एक. आमदार निधी, खासदार निधी, जिल्हा परिषदेचा निधी, सगळीकडून सभामंडप येतात, आणि गाव कायमचं तितक्या तुकड्यांत बसतं. तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली तेव्हा गावांना लोकसंख्येनुसार बक्षिसाची रक्कम मिळायची. ती रक्कम वेशीच्या कमानीत घातलेली मी पाहिली आहे. तंटे मिटवल्याबद्दल मिळालेल्या पैशातून कमान, आणि कमानीवर नाव कुणाचं यावरून नवा तंटा!

इथे एक गोष्ट सावधपणे सांगतो. बौद्ध वस्तीतल्या समाजमंदिराला मी या माळेत ओवत नाही. ज्यांना गावच्या देवळाची पायरी चढू दिली नाही, त्यांनी आपली जागा मागितली यात गैर काही नाही, आणि 15 टक्क्यांचा निधी हा त्यांचा हक्कच आहे. माझी तक्रार अशी की गाव तेवढं देऊन हात झटकतं. जी जागा सगळ्यांच्या पैशातून चालते, ती सगळ्यांना खुली हवी, ही मागणी या राज्यात शंभर वर्षांची जुनी आहे. 1923 मध्ये समाजसुधारक रावबहादूर बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडला, तो याच आधारावर: सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळ्यासाठी तसा ठराव केला. ठराव कागदावर राहिला, आणि 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह तळ्यावर जावं लागलं. नुसती तरतूद किंवा ठराव करून भागत नाही, तिथे प्रत्यक्ष कोण येतं आणि कोणाला येता येत नाही हे बघावं लागतं. तुमच्या अभ्यासिकेत वस्तीतली मुलं येतात का? येत असतील तर ती गावातली सगळ्यांत किमती खोली समजा. येत नसतील तर ती बंद करण्याआधी का येत नाहीत ते विचारा. कधी कधी कारण फार साधं असतं. चावी ज्याच्या घरी असते, त्याच्या दारात जायला पोरांना नको वाटतं.

म्हणून खर्चाच्या प्रत्येक ओळीसमोर मी मनातल्या मनात एक खूण करायचो: या पैशामुळे एरवी न भेटणारी माणसं एका जागी येतात का? सार्वजनिक नळ, दवाखान्याचं उपकेंद्र, शाळेचं मैदान, अभ्यासिका, बाजारतळ, स्मशानभूमीचा रस्ता, यांच्यापुढे खूण व्हायची. स्मशानभूमीचं विशेष सांगतो. दोन वेगळ्या स्मशानभूम्या असलेल्या गावात एकीला शेड, पाणी, दिवा आणि दुसरीला चिखलातली पायवाट असेल, तर मिरवणुकीच्या वादावर कितीही शांतता समित्या बसवा, मनातली अढी जात नाही. एकच स्मशानभूमी करणं शक्य असेल तर उत्तम. नसेल तर निदान रस्ता आणि पाणी दोन्हीकडे सारखं द्या.

वीजबिलाचं काय, हे उरतंच. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळात निधीचे 60 टक्के बंधित होते, पाणी आणि स्वच्छतेसाठी, आणि 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचे. पाणीपुरवठ्याचं बिल बंधित आणि पथदिव्यांचं अबंधित निधीतून भरायला शासनाने त्या काळात मुभा दिली होती. पुढच्या आयोगाच्या निधीला सध्या कोणत्या अटी आहेत, ते पंचायत समितीतल्या विस्तार अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या, तोंडी सांगण्यावर जाऊ नका. बाजारतळावर गाळे बांधण्यासारखं उत्पन्न देणारं काम असेल, तर जिल्हा ग्रामविकास निधीतून कर्ज मिळतं. तुमची ग्रामपंचायत दरवर्षी त्या निधीत अंशदान भरते आणि बहुतेक गावं ते भरून विसरून जातात. घर चालवायला कर्ज काढू नये हे खरं, पण भाडं देणारा गाळा बांधायला काढलं तर त्यात लाजायचं कारण नाही.

शेवटचा मुद्दा ग्रामसभेचा. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100, यांपैकी जे कमी असेल ते. ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग ओट्यावरची दहा-बारा माणसं चार हजारांचा निर्णय करतात. अभ्यासिकेचा विषय अशा तहकूब सभेत जाऊ देऊ नका. आधी महिला सभा रीतसर घ्यायला लावा आणि त्यात शिवणवर्गातल्या बायांना बोलू द्या. ग्रामसभेत अंदाजपत्रक नुसतं 'वाचून दाखवण्यात आले' असं लिहून संपवतात. तुम्ही मागणी करा की जमा आणि खर्चाच्या मोठ्या दहा ओळी फळ्यावर लिहाव्यात. लोकांना नमुना 1, म्हणजे अंदाजपत्रकाचा तक्ता, समजत नाही, पण 'सत्कार व समारंभ' या ओळीपुढचा आकडा बरोबर समजतो.

तेव्हा येत्या मासिक सभेआधी तीन कागद हातात घ्या: नमुना 9 वरून रकमेच्या क्रमाने लावलेली थकबाकीदारांची यादी, महिला व बालकल्याण शीर्षाची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च, आणि पाणी सोडण्याचं वेळापत्रक. ते बहुधा लिहिलेलं नसेलच, मग पाणी सोडणाऱ्याकडून तोंडी घेऊन स्वतः लिहा. सभेत एकदम 'अभ्यासिका बंद करू नका' म्हणू नका. आधी 35 हजारांचा मुद्दा मांडा, मग 50 हजारांसाठी सहा महिन्यांची वसुलीची मुदत मागा. सरपंचांना एकटं पाडू नका, वसुलीचं श्रेय त्यांनाच घेऊ द्या, त्यात तुमचं काही जात नाही. आणि तरीही बहुमताने बंद करायचं ठरलं, तर तुमचा विरोध कारणासह इतिवृत्तात लिहून घ्या आणि सही करण्याआधी तो लिहिलाय का ते स्वतः वाचा.